पाण्यावर पंच नसतो

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ गतवर्षी देवाघरी गेले. सारी हयात त्यांनी परदेशी जहाजांवर घालवली होती आणि निवृत्तीनंतर गावी येऊन राहिले होते. रविवारच्या मिस्सेला ते न चुकता शेवटच्या बाकावर बसत आणि आमचे प्रवचन लांबले की उघडपणे घड्याळ पाहत. त्यांच्या मुलांनी वडिलांच्या पुस्तकांच्या दोन पेट्या चर्चच्या वाचनालयाला भेट दिल्या. पावसाळ्याचे दिवस, पुस्तकांना दमट वास येऊ लागलेला. ती व्हरांड्यात पसरून ठेवत असताना एका पातळ पुस्तकाला जोडलेल्या पिशवीतून बोटाच्या पेराएवढ्या काही प्लास्टिकच्या होड्या खाली घरंगळल्या. नातवंडांचे खेळणे चुकून आत राहिले असावे, असे आम्हाला प्रथम वाटले.

खेळणे नव्हते ते. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचे नियम चित्रांसह समजावून सांगणारे ते पुस्तक होते. शर्यतीनंतर वाद निर्माण झाला तर कोणती होडी कोठे होती, वारा कोणत्या बाजूने होता, हे मेजावर मांडून दाखविता यावे, म्हणून त्या होड्या दिलेल्या होत्या. पुस्तकाचा कर्ता पॉल एल्व्हस्ट्रॉम. हे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते. क्रिकेट आणि हॉकीपलीकडे आमचे क्रीडाज्ञान जात नाही, हे कबूल करण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. परंतु चार दिवस पाऊस कोसळत होता, वीज जात-येत होती, आणि हाती घेतलेले पुस्तक खाली ठेववेना. पुढे या माणसाविषयी मिळेल तेथून आम्ही वाचत गेलो. त्यातून जे मनात साठले, ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले.

डेन्मार्क हा चिमुकला देश. त्याची राजधानी कोपनहेगन. तिच्या उत्तरेला लागूनच हेलेरुप नावाचे उपनगर आहे. समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि पलीकडच्या काठावर स्वीडन. याच हेलेरुपमध्ये २५ फेब्रुवारी १९२८ रोजी पॉलचा जन्म झाला. दारात समुद्र असल्याने होडी हे त्याचे बाळपणापासूनचे वेड. तो बारा वर्षांचा असताना जर्मन फौजांनी देश व्यापला. याच सामुद्रधुनीतून १९४३ च्या ऑक्टोबरात डॅनिश लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यू बांधवांना रात्रीच्या अंधारात, बहुतांशी मच्छीमारांच्या होड्यांतून, स्वीडनच्या किनाऱ्याला सुखरूप पोहोचविले. पॉल तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्या रात्रींविषयी येथे अधिक लिहिण्याचा मोह आवरतो. त्याच्या काठावरच्या पाण्याने त्या काळात काय काय पाहिले, एवढे ध्यानी यावे म्हणून उल्लेख केला.

युद्ध संपले आणि १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. शिडाच्या शर्यती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉरबेच्या उपसागरात झाल्या. वीस वर्षांचा पॉल ‘फायरफ्लाय’ नावाच्या बारा फुटी होडीच्या वर्गात उतरला. तो स्वभावाने अतिशय बुजरा होता. पहिल्याच शर्यतीत एका प्रतिस्पर्ध्याने त्याच्याविरुद्ध आक्षेपाची आरोळी ठोकली. पॉलने वाद घातला नाही. तो मुकाट्याने शर्यतीतून बाहेर पडला.

येथे या खेळाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण आम्हाला सर्वाधिक विचार करावयास लावला तो तिने. फुटबॉलला शिट्टी घेऊन धावणारा पंच असतो, क्रिकेटला दोन असतात. शिडाच्या शर्यतीत, निदान त्या काळी, पाण्यावर पंच नसे. वीस-पंचवीस होड्या वाऱ्याशी झुंजत एकाच बोयाला वळसा घालण्यास धावतात. कोणी कोणास वाट द्यावयाची याचे काटेकोर नियम आहेत. उदाहरणार्थ, उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट दिली पाहिजे. नियम मोडला हे पाहावयाचे कोणी? ज्याने मोडला त्याने. आणि मोडला असे स्वतःला पटले की त्याने आपण होऊन शर्यत सोडावयाची. न सोडली आणि दुसऱ्याने आक्षेप घेतला, तर संध्याकाळी किनाऱ्यावर समितीपुढे सुनावणी होई. नंतरच्या काळात शिक्षा सौम्य झाली. चूक करणाऱ्याने होडीच्या जागच्या जागी दोन पूर्ण गिरक्या घ्याव्या, बोयाला नुसता स्पर्श झाला असेल तर एक, आणि मग पुढे जावे. आता मोठ्या स्पर्धांत परीक्षक मोटारबोटीतून फिरतातही. परंतु मूळ कल्पना तीच राहिली. आपली चूक आपणच ओळखावयाची, कोणी पाहिली असो वा नसो, आणि तिचे प्रायश्चित्त तेथल्या तेथे, सर्वांच्या देखत घ्यावयाचे.

गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही पापनिवेदनाच्या जाळीआड बसत आलो आहोत. आत्मपरीक्षणावर किती प्रवचने दिली, त्याची गणती नाही. मात्र भर समुद्रात, पदक हातचे जात असताना, आत्मपरीक्षण करून होडी गरकन फिरविणारा मनुष्य आमच्या कल्पनेत कधी आला नव्हता.

तर पहिली शर्यत अशी वाया गेली. पुढच्या चारांत पॉल कधी वर, कधी खाली असा राहिला. सातपैकी सर्वांत वाईट एक शर्यत हिशेबातून वगळण्याची सोय होती, आणि पहिल्या क्रमांकाला गुण भरघोस मिळत. शेवटच्या दोन्ही शर्यती पॉलने जिंकल्या आणि सुवर्णपदकही. ज्याला पहिल्या दिवशी कोणी ओळखत नव्हते, तो बुजरा पोर ऑलिंपिकविजेता होऊन घरी परतला.

यापुढची बारा वर्षे एल्व्हस्ट्रॉम यांची होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी रिकार्ड सार्बी या स्वीडिश गृहस्थाने ‘फिन’ नावाची नवी होडी आखली होती. एक माणूस, एक शीड, साडेचार मीटर लांबी. वारा वाढला की ही होडी एका कुशीवर कलते, आणि तिला सरळ ठेवावयाची तर खलाशाने काठावर बसून आपले अंग पाण्यावर बाहेर झोकून द्यावे लागते. त्यासाठी होडीच्या तळाशी पट्टे लावून, त्यांत पावले अडकवून, गुडघ्यांपासून वरचे सारे शरीर बाहेर लटकवीत राहण्याचे तंत्र एल्व्हस्ट्रॉम यांनी असे काही साधले की इतर मागे पडले. पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू त्यात अक्षरशः पेटतात. त्याचा सराव करण्यासाठी त्यांनी घरी एक बाक तयार केला आणि जमिनीवर, होडीवाचून, त्यावर लटकण्याचा अभ्यास चालविला. डेन्मार्कच्या बोचऱ्या थंडीतही ते होडी पाण्यात घालीत. आज हे सर्वच खेळाडू करतात. तेव्हा शिडाची शर्यत हा सुखवस्तू लोकांचा सुटीतला छंद समजला जाई आणि त्यासाठी व्यायाम करावयाचा ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटे.

फळ मिळाले. हेलसिंकीत ते दुसऱ्या क्रमांकाच्या चार्ल्स करी यांच्यापेक्षा अडीच हजारांहून अधिक गुणांनी पुढे होते. १९५६ साली मेलबर्नच्या उपसागरात सातपैकी पाच शर्यती त्यांनी जिंकल्या. १९६० साली नेपल्सला चौथे सुवर्ण. एकाच खेळात, एकट्याच्या बळावर, सलग चार ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. थाळीफेकीत आल ओर्टर आणि लांब उडीत कार्ल लुईस या अमेरिकनांनी पुढे असाच पराक्रम केला. मध्यंतरी १९५४ मध्ये त्यांनी शिडे शिवण्याचा कारखाना काढला होता. त्यांच्या नावाची शिडे आजही विकली जातात. होडीत शिरलेले पाणी होडीच्याच वेगाने बाहेर खेचून घेणारे तळाचे झडपेसारखे साधनही जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फिन, ५०५, स्नाइप, स्टार, सोलिंग अशा एकमेकींशी फारसे साम्य नसलेल्या होड्यांत ते जगज्जेते झाले. तबला, सतार आणि सनई या तिन्हींत एकच गवई पहिला यावा, तसे काहीसे.

येथवरची कथा यशाची आहे आणि तशा कथा पुष्कळ असतात. आम्ही थबकलो ते पुढच्या भागाशी.

जो मनुष्य बारा वर्षे जवळजवळ अजिंक्य होता, त्याला शर्यतीचे भय वाटे. लाटांचे नव्हे, त्या तर त्याच्या सोबतीणी. भय हरण्याचे. प्रत्येक वेळी सारे जग त्याने जिंकावे अशीच अपेक्षा करी, आणि तो ताण त्याच्या शरीरावर उतरे. चौथ्या सुवर्णपदकानंतर एल्व्हस्ट्रॉम त्या एकट्याच्या होडीतून ऑलिंपिकला पुन्हा उतरले नाहीत. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात ते स्टार वर्गात सहकाऱ्यासह उतरले आणि चौथे आले. १९७२ साली जर्मनीतील कील येथे, म्हणजे घरापासून फार दूर नव्हे अशा पाण्यावर, सोलिंग वर्गात ते तेरावे आले. मनाने ते पुरते खचले होते. दोन वर्षांनी त्याच सोलिंगमध्ये सिडनीला त्यांनी जगज्जेतेपद मिळविले खरे, परंतु ऑलिंपिककडे त्यांनी पाठ फिरविली ती बारा वर्षे.

चार सुवर्णपदके एका कपाटात आणि झोप उडालेला माणूस त्याच घरात. धर्मगुरू म्हणून अशी घरे आम्ही पाहिली आहेत. दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी मध्यरात्री आमच्या दारावर थाप पडते, तेव्हा नापास होण्याची भीती असलेला मुलगा क्वचितच असतो. बहुधा नेहमी पहिला येणारा असतो.

याच एल्व्हस्ट्रॉम यांनी नियमांचे ते पुस्तक लिहिले. दर चार वर्षांनी नियमांत बदल होत आणि पुस्तकाची नवी आवृत्ती निघे. जगातील असंख्य खलाशी त्यावरच पोसले गेले. जिंकण्यासाठी इतका झुरणारा मनुष्य नियमांच्या मागे इतका का लागावा, याचे आम्हाला नवल वाटले. त्याचे उत्तर त्यांच्या एका वचनात आहे. ते आज प्रत्येक यॉट क्लबात ठाऊक आहे आणि त्याचा आशय असा: शर्यत जिंकताना ज्याने प्रतिस्पर्ध्यांचा आदर गमावला, त्याने शर्यत जिंकलेलीच नसते.

हे वाक्य आम्ही वाचले आणि पुस्तक मिटले. कारण आम्हास सेमिनरीतील एक संध्याकाळ आठवली.

त्यावेळी आम्ही तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आंतरवर्गीय व्हॉलीबॉलचा अंतिम सामना. शेवटचा डाव, दोन्ही बाजूंचे गुण समान. समोरच्या वर्गाच्या कप्तानाने जोरदार फटका मारला. अडविण्यासाठी आम्ही उंच उडी घेतली. चेंडू आमच्या बोटांच्या टोकांना निसटता लागून मागे रेषेबाहेर गेला. पंच होते एक वृद्ध प्राध्यापक, दृष्टी अधू. चेंडू कोणाला न लागता बाहेर गेला, असे त्यांना वाटले आणि त्यांनी गुण आमच्या बाजूला दिला. आमच्या वर्गाने जल्लोष केला. आम्ही काहीच बोललो नाही. बोटे झणझणत होती, ती आम्ही सदऱ्याला पुसली. पुढच्या मिनिटभरात सामना संपला आणि ढाल आम्हाला मिळाली. कप्तानाने रिवाजाप्रमाणे हस्तांदोलन केले, पण आमच्याकडे पाहिले नाही. तो जाळीच्या पलीकडे हातभर अंतरावर होता. त्याने पाहिले होते, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते.

क्षुल्लक गोष्ट! असे स्वतःला आम्ही तीसएक वर्षे सांगत आलो. पापनिवेदनात ती कधीच सांगितली होती आणि क्षमाही मिळाली होती. त्या सहाध्यायाला मात्र सांगितली नव्हती.

आता एल्व्हस्ट्रॉम यांच्याकडे वळू. १९८४ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकला ते पुन्हा दिसले. वय ५६. होडी ‘टॉर्नेडो’, म्हणजे दोन अरुंद सांगाडे एकमेकांना जोडलेली वीस फुटी जोडहोडी, शर्यतीच्या होड्यांत वेगाला सर्वांत तेज. या होडीत दोघे लागतात. एक सुकाणूवर, दुसरा डोलकाठीच्या तारेला लटकून पाण्यावर. सुकाणूवर वडील होते आणि तारेवर त्यांची २२ वर्षांची मुलगी त्रीने. बहुतेक होड्यांत दोन धट्टेकट्टे तरुण, आणि त्यांच्यात हे बापलेकीचे जोडपे. ती दोघे चौथी आली. पदक एका पायरीने हुकले.

चार वर्षांनी, १९८८ मध्ये, सोल ऑलिंपिकच्या शर्यती दक्षिण कोरियात पुसान येथे झाल्या, तेथेही ती दोघे होती. एल्व्हस्ट्रॉम साठीला पोहोचले होते. पंधरावा क्रमांक आला. १९४८ ते १९८८, चाळीस वर्षांच्या अंतरात आठ ऑलिंपिक. क्रीडाभाष्यकारांनी या दोन खेपांची नोंद एक कौतुकाची गोष्ट म्हणून केली आणि ते पुढे गेले. आम्हाला मात्र ही दोन पदकविरहित ऑलिंपिके त्या चार सुवर्णांहून मोलाची वाटतात. ज्या पाण्याने माणसाला एकदा मोडले, त्याच पाण्यावर साठाव्या वर्षी, पंधरावा येण्याच्या तयारीने, लेकीला घेऊन उतरावयाचे. हे धैर्य विशीतल्या विजेत्याजवळ नसते. आमच्या ओळखीतील एक बाप मुलीशी आठवड्यातून दोन वाक्ये बोलतो. त्यांच्या घरी गेलो की आम्हाला ती जोडहोडी आठवते.

पुसानच्याच पाण्यावर २४ सप्टेंबर १९८८ रोजी आणखी एक गोष्ट घडली. लॉरेन्स लेम्यू हा कॅनडाचा खलाशी फिन वर्गात, म्हणजे एल्व्हस्ट्रॉम यांच्याच जुन्या होडीत, दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा भयंकर वाढला होता. शेजारच्या दुसऱ्या शर्यतीतील सिंगापूरच्या दोघा खलाशांची होडी उलटलेली त्याला दिसली. एक होडीला चिकटून होता, दुसरा प्रवाहाबरोबर दूर चालला होता. लेम्यूने आपली शर्यत सोडली, दोघांनाही वाचविले, गस्तीची बोट येईपर्यंत तो थांबला आणि मग पुन्हा शीड भरून शर्यत पुरी केली. पदक गेले. परीक्षकांनी त्या शर्यतीपुरता त्याला दुसरा क्रमांक बहाल केला आणि ऑलिंपिक समितीने खिलाडूपणाबद्दल पिएर द कुबर्तँ पदकाने त्याचा गौरव केला. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. बुडणाऱ्याला सोडून कोण जाईल, असे एका म्हाताऱ्याने विचारले आणि तो पुन्हा जाळे विणू लागला.

एल्व्हस्ट्रॉम यांचा चार सुवर्णांचा विक्रम २०१२ पर्यंत कोणी गाठला नव्हता. त्याची बरोबरी केली ब्रिटनच्या बेन एन्स्ली यांनी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच वेमथ येथे, आणि फिनमध्येच. गंमत अशी की त्यांचा सर्वांत निकटचा प्रतिस्पर्धी होता डेन्मार्कचा योनास होग-क्रिस्टेन्सन. एका शर्यतीत होग-क्रिस्टेन्सन आणि एक डच खलाशी या दोघांनी एन्स्ली यांची होडी बोयाला लागल्याची हाक दिली. लागली नाही, असे एन्स्ली यांचे म्हणणे होते. तरीही आक्षेपाचा धोका नको म्हणून त्यांनी गिरकी घेतली, पण संतापाने. त्या रागातूनच आपल्याला जोर आला, असे पुढे त्यांनी बोलून दाखविले. सुवर्ण त्यांनी जिंकले, रौप्य होग-क्रिस्टेन्सनला मिळाले. कोण खरे, कोण खोटे, हे आम्ही काठावर बसून ठरविणार नाही. १९४८ चा बुजरा पॉल आणि २०१२ चा संतप्त एन्स्ली, दोघांनाही आक्षेपाची हाक ऐकू आली, दोघांनीही किंमत मोजली. फरक काय तो ज्याचा त्याला ठाऊक. पुढे २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेनंतर फिन ही होडी ऑलिंपिकमधून बादच झाली.

डेन्मार्कने १९९६ मध्ये एल्व्हस्ट्रॉम यांना आपला शतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून निवडले. ७ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

श्रावण सरता सरता आम्ही त्या सहाध्यायाला फोन केला. तो आता दुसऱ्या धर्मप्रांतात धर्मगुरू आहे. वर्षाकाठी एखाद्या अंत्यविधीला भेट होते, तेवढीच. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर आम्ही व्हॉलीबॉलच्या त्या सामन्याचा विषय काढला. चेंडू आमच्या हाताला लागला होता, असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

‘‘लागला होता, ते मला माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘त्यानंतर दोन वर्षं मी तुझ्याशी धड बोललो नाही. तुझ्या लक्षात आलं नव्हतं का?’’

खरोखरच आले नव्हते. तो मुळातच अबोल आहे, अशी आम्ही स्वतःची समजूत करून घेतली होती. मग बराच वेळ बोलणे झाले. गुडघेदुखी, त्याच्या चर्चच्या छपराची गळती, आमच्या वाचनालयातील वाळवी. शेवटी त्याने ते पुस्तक वाचावयास मागितले. आम्ही ते रजिस्टर पोस्टाने धाडले आहे. होड्या वेगळ्या कागदात बांधल्या, वाटेत हरवू नयेत म्हणून.